घरी असलेल्या रुग्णासाठी पॅलिएटिव्ह केअरच्या पथकात नेमके कोण काय करते?

बावड्याची लेक (कसबा बावडा)

सविनय नमस्कार.

माझ्या वडिलांना जबड्याचा कर्करोग आहे. शस्त्रक्रिया, रेडिएशन, केमोथेरपी असे सगळे टप्पे झाले. आता गाठ गळ्याकडे सरकली आहे आणि पाठीच्या मणक्यातही आजार उतरला आहे. मागच्या भेटीत डॉक्टरांनी सांगितले की यापुढे केमोचा फायदा कमी आणि त्रासच अधिक होईल, तेव्हा आण्णांना घरी ठेवा आणि पॅलिएटिव्ह केअर, म्हणजे वेदना आणि त्रास कमी करणारी शुश्रूषा, सुरू करा. डिस्चार्ज कार्डवरही एवढेच लिहिले आहे.

आण्णा उद्यमनगरातील फाउंड्रीतून निवृत्त झाले आहेत. घरी ते आणि आई असे दोघेच असल्यामुळे मी सध्या मुलांना घेऊन माहेरी आले आहे. दादा-वहिनी नोकरीनिमित्त पुण्याला असतात. आण्णांची पाठ रात्री फार दुखते. गालावरच्या जखमेला वास येऊ लागल्यापासून ते नातवंडांना जवळ येऊ देत नाहीत. आई रात्रभर उशाशी बसून असते.

अशा रुग्णासाठी डॉक्टर, परिचारिका, समाजसेवक, समुपदेशक, फिजिओथेरपिस्ट, स्वयंसेवक असे पथक असते, असे मी वाचले. यांपैकी कोणाकडे कोणते काम असते? कोल्हापुरात हे सगळे एका ठिकाणी मिळाले नाही, तर कोणाचे काम कोणाकडून करून घ्यावे? सर्वांना एकदम बोलावणे परवडणारेही नाही. मग आधी कोणाला बोलवावे?

परिचारिका, राजारामपुरी

ताई, आधी परिचारिकेला बोलवा. मी स्वतः परिचारिका आहे म्हणून हे म्हणते, असे वाटल्यास वाटू द्या. परंतु घरच्या रुग्णाच्या बाबतीत डॉक्टरांचे कान आणि डोळे म्हणजे परिचारिकाच असते. डॉक्टर गोळी लिहून देतात. ती गिळता येते का, तिच्यामुळे मलावरोध झाला का, पहाटे चार वाजताचा डोस कोणी देते की झोपमोड नको म्हणून राहून जातो, हे घरात बसून पाहणारी व्यक्ती लागते.

तुम्ही वासाचा उल्लेख केला आहे, म्हणून तेवढ्याविषयी सविस्तर लिहिते, कारण वासामुळे माणूस वेदनेपेक्षाही लवकर एकटा पडतो. कर्करोगाच्या जखमेला वास येतो तो मृत पेशींवर वाढणाऱ्या जंतूंमुळे. मेट्रोनिडॅझोलच्या गोळ्यांची बारीक पूड करून ती जखमेवर पसरणे हा त्यावरचा स्वस्त आणि जुना उपाय आहे. तुमच्या डॉक्टरांना विचारून तो सुरू करता येईल आणि बहुतेकांना काही दिवसांतच फरक जाणवतो. जुनी पट्टी कोरडी ओढून कधीही काढू नये. सलाईनने ती पूर्ण भिजवावी, थोडा वेळ थांबावे आणि मग कडेकडेने सोडवावी. नाहीतर रक्त येते आणि रुग्ण पुढच्या ड्रेसिंगची धास्ती घेतो. वेदनेसाठी मॉर्फिन सुरू असेल तर तो डोस ड्रेसिंगच्या साधारण अर्धा तास आधी येईल, अशी वेळ ठरवावी.

आणखी एक गोष्ट आधी सांगून ठेवते, कारण ऐन वेळी सांगून उपयोग होत नाही. गाठ गळ्याकडे सरकली असेल तर जखमेतून एकाएकी रक्त येण्याची शक्यता असते. ते येईलच असे नाही. तरीही खाटेजवळ गडद रंगाचे, शक्यतो मरून किंवा काळपट, दोन-तीन मोठे टॉवेल ठेवावेत; पांढऱ्या कापडावर थोडेसे रक्तही फार दिसते आणि रुग्णासह घरचे सगळे घाबरतात. तसे झाल्यास कोणी आण्णांचा हात धरून बसायचे, कोणी फोन करायचा आणि मुलांना कोणी बाहेर न्यायचे, हे परिचारिकेसमोर ठरवून घ्या. गाठीतून रक्तस्रावाचा धोका किती आहे आणि शामक औषध घरी ठेवायचे का, हे डॉक्टर ठरवतील.

एक फरक मात्र ध्यानात ठेवा. ब्युरोतून येणाऱ्या मावशी अंग पुसतात, डायपर बदलतात, कूस बदलून देतात. हे काम मोलाचे आहे आणि आईंना त्याचा मोठा आधार होईल. परंतु ड्रेसिंग, इंजेक्शन, नळीतून औषध देणे ही नोंदणीकृत परिचारिकेची कामे आहेत. दोघींचे दरही वेगळे असतात. परिचारिका रोज यायलाच हवी असे नाही. पहिल्या काही भेटींत ती तुम्हाला आणि आईंना तोंडाची स्वच्छता, दर दोन तासांनी कूस बदलणे आणि पट्टी बदलणे शिकवील, नंतर ठरावीक दिवशी येऊन तपासून जाईल, असे ठरवले तर खर्च आटोक्यात राहतो. रात्री फोन उचलाल का, हे मात्र पहिल्याच दिवशी स्पष्ट विचारून घ्या.

डॉक्टर, शाहूपुरी

वरील प्रतिसादाशी मी सहमत आहे. डॉक्टरच्या कामाविषयी काही गोष्टी लिहितो.

या सेवेची आधुनिक मांडणी सिसिली साँडर्स यांनी केली. त्या आधी परिचारिका होत्या, नंतर रुग्णालयातील समाजसेविका आणि शेवटी डॉक्टर झाल्या. १९६७ साली त्यांनी लंडनमध्ये सेंट ख्रिस्तोफर्स हॉस्पिस, म्हणजे आयुष्याच्या अखेरच्या टप्प्यातील रुग्णांसाठीचे शुश्रूषा केंद्र, सुरू केले. रुग्णाची वेदना केवळ शरीराची नसते, तिच्यात मनाची, कुटुंबाची, पैशाची आणि श्रद्धेचीही वेदना मिसळलेली असते, हे त्यांचे प्रतिपादन होते. पथकाची कल्पना त्यातूनच रुजली. आपल्याकडे मुंबईत वांद्रे येथे १९८६ साली शांती अवेदना सदन सुरू झाले, ते देशातील पहिले हॉस्पिस. पुण्यात वारजे येथे १९९७ पासून सिप्लाचे पॅलिएटिव्ह केअर केंद्र विनामूल्य सेवा देत आहे. रुग्णाबरोबर राहणाऱ्या नातेवाइकाला शुश्रूषा शिकवून घरी पाठवणे हा तेथील कामाचाच भाग आहे. तुमचे बंधू पुण्यात आहेत, तेव्हा त्यांनी तेथे एकदा समक्ष जाऊन माहिती घ्यावी.

डॉक्टरचे पहिले काम म्हणजे वेदनेवर ताबा मिळवणे. मणक्यातल्या आजाराची वेदना साध्या गोळ्यांना बहुधा दाद देत नाही, तेथे तोंडाने घ्यायचे मॉर्फिन लागते. ते ‘दुखेल तेव्हा’ द्यायचे नसते, घड्याळाप्रमाणे द्यायचे असते. साधी गोळी असेल तर चार-चार तासांनी, शिवाय मध्येच कळ उठली तर द्यायचा जादा डोस डॉक्टर लिहून देतात. साधी गोळी कुटून नळीतून देता येते, दीर्घकाळ काम करणारी गोळी मात्र कधीही कुटू नये. मॉर्फिनबरोबर मलावरोध होऊ नये म्हणून पोट साफ ठेवणारे औषध पहिल्या दिवसापासून हवे. योग्य मात्रेत आणि हळूहळू वाढवत दिलेल्या मॉर्फिनने व्यसन लागते किंवा मृत्यू लवकर येतो, ही भीती निराधार आहे. या भीतीला कायद्याचीही साथ होती: १९८५ च्या अमली पदार्थविरोधी कायद्यामुळे मॉर्फिन ठेवणे इतके किचकट झाले होते की अनेक रुग्णालयांनी त्याचा नाद सोडला. २०१४ च्या दुरुस्तीने नियम सुटसुटीत केले आणि आता मान्यताप्राप्त वैद्यकीय संस्थेतून ते मिळते. आण्णांवर जेथे उपचार झाले तेथे आणि कोल्हापूरच्या सरकारी सीपीआर रुग्णालयात याची चौकशी करा.

मणक्याच्या वेदनेसाठी रेडिएशनचा एकच डोस देऊनही बऱ्याच रुग्णांना आराम पडतो. केमो थांबली म्हणजे हा मार्गही बंद झाला, असे समजू नका.

आता एक महत्त्वाची सूचना. आण्णांच्या पायांत एकाएकी अशक्तपणा आला, चालताना पाय लटपटू लागले, कमरेखाली बधिरपणा जाणवला किंवा लघवी अडली, तर दुसऱ्या दिवसाची वाट पाहू नका. मज्जारज्जूवर दाब आल्याची ती लक्षणे असू शकतात आणि त्याच दिवशी उपचार सुरू झाले तरच पाय वाचण्याची आशा असते. पॅलिएटिव्ह केअरमध्ये कसलीच घाई नसते, असा अनेकांचा समज आहे. येथे घाई आहे.

डॉक्टरने औषधे थांबवणेही अपेक्षित असते. कोलेस्टेरॉलची गोळी, जीवनसत्त्वे यांची यादी पुढे ठेवून यांतली कोणती बंद करता येतील, हे विचारा. गिळायला त्रास होणाऱ्या माणसाची एक गोळी कमी झाली तरी त्याला बरे वाटते.

उद्यमनगरकर

क्षमा असावी, पण घरी न्या म्हणणे म्हणजे डॉक्टरांनी हात वर करणेच नव्हे का? आमच्या नात्यातील एकाला असेच घरी पाठवले होते आणि नंतर त्यांच्याकडे कोणी फिरकले नाही. मुंबईला टाटामध्ये दुसरे मत घेतल्याशिवाय आण्णांना असे सोडून देऊ नये, असे मला वाटते.

डॉक्टर, शाहूपुरी

दुसरे मत जरूर घ्यावे. त्यासाठी रुग्णाला प्रवास घडवायलाच हवा असे नाही, स्लाइड, स्कॅन आणि फाइल घेऊन नातेवाइकाने जाऊनही सल्ला मिळू शकतो. तुमच्या नातेवाइकांकडे कोणी फिरकले नाही, हे वाईटच झाले. पण त्यांना पॅलिएटिव्ह केअर मिळाली नाही, अशीच त्याची नोंद करावी लागेल. २०१० साली अमेरिकेतील मॅसॅच्युसेट्स जनरल रुग्णालयाने फुप्फुसाच्या पसरलेल्या कर्करोगाच्या रुग्णांचा अभ्यास प्रसिद्ध केला. ज्यांना नेहमीच्या उपचारांबरोबर सुरुवातीपासून पॅलिएटिव्ह केअर मिळाली, त्यांचे मन अधिक स्वस्थ राहिले, अखेरच्या काळातील आक्रमक उपचार कमी झाले आणि ते सरासरीने अधिक जगलेही. टाटा रुग्णालयातही पॅलिएटिव्ह विभाग स्वतंत्रपणे काम करतो.

गोंधळ होण्याचे आणखी एक कारण आहे. अमेरिकेत १९८३ पासून मेडिकेअर या सरकारी विम्यातून हॉस्पिसचा खर्च मिळतो, मात्र आयुष्य सहा महिने किंवा त्याहून कमी राहिल्याचे डॉक्टरांनी प्रमाणित करावे लागते आणि रुग्णाला आजार बरा करण्याचे उपचार सोडावे लागतात. आपल्याकडे अशी अट नाही. उपचार चालू असतानाही ही सेवा घेता येते.

समाजसेवक, मंगळवार पेठ

परिचारिकाताईंच्या म्हणण्याला माझी थोडी वेगळी पुरवणी आहे. आण्णांसाठी आधी परिचारिका, हे खरे. परंतु या घरात दुसरी रुग्णही आहे आणि ती म्हणजे तुमची आई. रात्रीमागून रात्र जागणारी व्यक्ती काही आठवड्यांतच अंथरूण धरते आणि मग सगळी घडी विस्कटते. हॉस्पिसचे पथक रुग्णाइतकेच कुटुंबालाही आपल्या देखरेखीखाली घेते. अमेरिकेत तर मेडिकेअरच्या नियमानुसार रुग्ण गेल्यानंतरही सुमारे एक वर्षभर कुटुंबाच्या शोककाळात पथकाने संपर्क ठेवायचा असतो, आणि पगारी कर्मचाऱ्यांच्या रुग्णसेवेच्या एकूण तासांच्या किमान ५ टक्के इतके तास स्वयंसेवकांनी द्यायचे असतात.

स्वयंसेवकाचे काम ऐकायला किरकोळ वाटते. तो औषध देत नाही, सल्ला देत नाही. दुपारी दोन तास खाटेशेजारी बसतो, वर्तमानपत्र वाचून दाखवतो आणि त्या दोन तासांत आई आतल्या खोलीत दार लावून झोपते. केरळात १९९३ साली कालिकतमध्ये सुरू झालेले काम पुढे गावोगाव पसरले ते अशाच शेजाऱ्यापाजाऱ्यांच्या बळावर. आपल्याकडे २०१९ च्या पुरात तालमींची आणि मंडळांची पोरे होडीतून लोकांना बाहेर काढत होती, घरोघरी जेवण पोहोचवत होती. तीच पोरे आठवड्यातून एक दुपार आजारी माणसाजवळ बसू शकणार नाहीत, असे मला वाटत नाही. त्यांना कोणी विचारत नाही, एवढेच. तुम्ही तुमच्या गल्लीतल्या मंडळाला विचारा.

पुराचा विषय निघालाच आहे तर, पावसाळ्यापूर्वी औषधांचा जादा साठा घरी ठेवा. पंचगंगेचे पाणी वाढले की बावडा-शिये रस्ता बंद होतो, हे तुम्हाला सांगायला नको. घर सखल भागात असेल तर अंथरुणावरच्या रुग्णाला पाणी दारात येण्याआधीच हलवावे लागते, म्हणून कोणाकडे जायचे ते आताच ठरवा.

समाजसेवकाकडे कागदपत्रांचेही काम असते आणि घरच्यांना ते अवघड वाटते, कारण विषय काढणेच अशुभ वाटते. आण्णा फाउंड्रीत होते, म्हणजे त्यांना भविष्यनिर्वाह निधीच्या योजनेतून निवृत्तिवेतन मिळत असावे. तसे असेल तर त्यांच्या पश्चात आईंना विधवा निवृत्तिवेतन मिळेल. त्यासाठी नावाचे स्पेलिंग आधार, बँक आणि पेन्शनच्या कागदांवर एकसारखे आहे ना, हे आण्णा सही करू शकतात तोवर तपासा. बँक खाते दोघांच्या नावे करा.

फिजिओथेरपिस्टविषयी थोडक्यात: मणक्यात आजार असल्यामुळे डॉक्टरांना विचारल्याशिवाय व्यायाम किंवा मालिश नको. खाटेवरून खुर्चीत सुरक्षित कसे बसवायचे, हे शिकण्यासाठी मात्र त्यांची एक-दोनदा मदत घ्यावी.

आणि सरकारी यंत्रणा विसरू नका. आयुष्मान आरोग्य मंदिरांच्या सेवांमध्ये वृद्धांची आणि पॅलिएटिव्ह सेवाही समाविष्ट आहे. तुमच्या भागातील आशाताईंना आणि आरोग्य केंद्रातील वैद्यकीय अधिकाऱ्यांना आण्णांची माहिती देऊन ठेवा. सेवा किती मिळेल ते प्रत्येक केंद्रावर अवलंबून आहे, पण घराची नोंद तरी त्यांच्याकडे राहील.

बावड्याची लेक (कसबा बावडा)

आपणा सर्वांची मी ऋणी आहे. गडद टॉवेल आजच आणले आणि आईला त्याचे कारण न सांगता कपाटात ठेवले. परिचारिकांशीही बोलणे झाले आहे.

एक अडचण उरते. दादाचे म्हणणे आहे की आजार पसरल्याचे आण्णांना मुळीच सांगायचे नाही, ते खचतील. घरी येणाऱ्या प्रत्येकाला दारातच तशी सूचना द्यावी, असे त्याने बजावले आहे. आण्णा मात्र काल मला म्हणाले, “केमोची तारीख का येत नाही गं?” मी विषय बदलला. अशा वेळी पथकातील कोणी बोलायचे असते?

समाजसेवक, मंगळवार पेठ

बहुतेक घरांत असेच असते. येथे समुपदेशक लागतो. तो वेगळा मिळाला नाही तर ज्या परिचारिकेवर किंवा डॉक्टरांवर आण्णांचा विश्वास बसला आहे, त्यांनी हे काम करावे. मुलीने किंवा मुलाने ते एकट्याच्या अंगावर घेऊ नये.

पहिली बैठक दादाबरोबर व्हावी आणि तिची सुरुवात त्याचे चुकते आहे, अशी करू नये. त्याला कशाची भीती वाटते ते आधी पूर्ण ऐकून घ्यावे. पुण्यात राहून काहीच करता येत नाही, निदान वाईट बातमी तरी अडवून धरू, अशी भावना त्यामागे बरेचदा असते. त्यानंतर आण्णांकडे जावे आणि सांगण्याऐवजी विचारावे: तुम्हाला स्वतःला काय वाटते, आजार कसा चालला आहे? सगळे तुम्हाला समजावे असे वाटते, की मुलांशी बोललेले बरे? काही जण स्पष्ट म्हणतात की मुलांशीच बोला, आणि तोही त्यांचा निर्णय आहे. पण केमोच्या तारखेविषयी विचारणाऱ्या माणसाला बरेचसे कळलेले असते, आणि घरचे विषय बदलतात हेही त्याच्या लक्षात येते. एवढे लक्षात ठेवा की खोटी तारीख कोणीही सांगायची नाही.

हे बोलणे झाले की पुढची वाट पुष्कळदा आपोआप मोकळी होते. कोणाला जोतिबाला जायचे असते, कोणाला भावाशी तुटलेले बोलणे पुन्हा सुरू करायचे असते. परदेशातील हॉस्पिसमध्ये यासाठी धर्मगुरू पथकातच असतात. आपल्याकडे वारकरी घरात भजनी मंडळ येते, जैन घरात मुनींचे दर्शन घडवतात, आणि काहींना यातले काहीच नको असते. पथकाने गृहीत धरू नये, विचारावे.

परिचारिका, राजारामपुरी

दादांना एक काम द्या. रोज रात्री ठरलेल्या वेळी त्यांनी फोन करून औषधांची वही तुमच्याकडून वाचून घ्यावी: कोणता डोस किती वाजता दिला, वेदना दहापैकी किती होती, शौचास झाली का. लांब राहणाऱ्या मुलाला यामुळे परिस्थिती खरी कळते आणि डॉक्टरांना आयती नोंद मिळते. नातवंडांनाही लांब ठेवू नका. वास कमी झाला की पट्टी बदलल्यानंतरची वेळ त्यांची असू द्या. कर्करोग स्पर्शाने पसरत नाही, हे मुलांना आणि आण्णांनाही एकदा सांगा.

डॉक्टर, शाहूपुरी

आण्णांशी बोलणे झाल्यावर, शेवटी व्हेंटिलेटर किंवा अतिदक्षता विभाग हवा का, याबद्दलची त्यांची इच्छा त्यांनाच विचारून लिहून ठेवता येते. सर्वोच्च न्यायालयाने २०१८ साली अशा पूर्वेच्छापत्राला मान्यता दिली आणि २०२३ साली त्याची पद्धत सोपी केली. आता दोन साक्षीदारांसमोर सही करून ते नोटरी किंवा राजपत्रित अधिकाऱ्याकडून साक्षांकित केले तरी चालते. त्यात आपल्या वतीने निर्णय घेणाऱ्या व्यक्तींची नावे घालावीत. प्रती दादाकडे आणि तुमच्या डॉक्टरांकडे असाव्यात, कारण रात्री घाबरून कोणी रुग्णवाहिका बोलावली तर रुग्णालयात पहिला प्रश्न हाच येतो.

आणि घरीच मृत्यू झाला तर पोलिसांना कळवावे लागेल का, ही शंका पुष्कळांना असते, म्हणून लिहितो. आजाराने झालेल्या अपेक्षित मृत्यूसाठी त्याची गरज नसते. अखेरच्या आजारात उपचार करणारे डॉक्टर मृत्यूच्या कारणाचे प्रमाणपत्र देतात, ते विनाशुल्क देणे कायद्याने बंधनकारक आहे, आणि मृत्यूची नोंद २१ दिवसांच्या आत करायची असते. मात्र त्यासाठी डॉक्टरांनी आण्णांना अलीकडे पाहिलेले असावे लागते. तेव्हा घराजवळच्या एका फॅमिली डॉक्टरांना आताच पथकात घ्या आणि अधूनमधून त्यांची भेट होत राहील, असे पाहा.